टॉलेमींच्या घरातली भाऊबंदकी

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या नावात एक जुना ग्रीक शब्द आहे. ‘फिलाडेल्फॉस’, म्हणजे भावंडांवर माया करणारा किंवा करणारी. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी घराण्याला हा शब्द फार प्रिय होता. राजे तो बिरुद म्हणून लावत, राण्या लावत, नव्या वसवलेल्या गावालाही ते नाव देत. आणि त्याच घराण्यात भावाने बहिणीची मुलं मारली, बहिणीने बहिणीला देवळात गाठून मारवलं, आणि एका राजाने सख्ख्या भावाच्या धास्तीने आपलं राज्य परक्यांच्या नावावर लिहून ठेवलं.

या घराण्यातली एकच व्यक्ती आपल्या ओळखीची असते, ती म्हणजे क्लिओपात्रा. तिच्या आयुष्यात आलेले सीझर आणि अँटनीही माहीत असतात. तिला भावंडं होती हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं. चार तर नक्की होती. थोरली बेरेनिस, धाकटी आर्सिनोई आणि दोन धाकटे भाऊ, दोघांचंही नाव टॉलेमी. चौघांपैकी एकही म्हातारं झालं नाही. बेरेनिसला वडिलांनी मारलं. एक भाऊ क्लिओपात्राच्या बाजूशी लढताना नदीत बुडाला. दुसरा कोवळ्या वयात गेला, आणि तिनेच त्याला विष घातलं असं जोसिफस हा इतिहासकार लिहितो. आर्सिनोईचा खून तिच्या सांगण्यावरून झाला.

‘काय राक्षसी माणसं!’ असं म्हणून पान उलटणं सोपं आहे. पण हे घराणं पावणेतीनशे वर्षं टिकलं आणि जवळजवळ प्रत्येक पिढीत हेच घडत राहिलं. इतक्या पिढ्या सगळेच दुष्ट जन्मत नाहीत. मला वाटतं, त्या घराची घडीच अशी बसली होती की पाठच्या भावंडाचीच सर्वांत जास्त भीती वाटावी. ती घडी समजली की क्लिओपात्राही नीट समजते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. या घराण्यातला प्रत्येक राजा टॉलेमी. राण्या बहुतेक क्लिओपात्रा, बेरेनिस नाही तर आर्सिनोई. पहिला, दुसरा, आठवा हे क्रमांक इतिहासकारांनी मागाहून सोयीसाठी दिले. आपली प्रसिद्ध क्लिओपात्रा ही सातवी. त्या काळी राजे बिरुदांनी ओळखले जात आणि राजधानी अलेक्झांड्रियातले लोक त्यांना स्वतःची टोपणनावं ठेवत. आठव्या टॉलेमीला ते ‘फिस्कॉन’ म्हणत, म्हणजे ढेरपोट्या. खाली त्याला याच नावाने ओळखू, म्हणजे वाचताना चुकायला होणार नाही.

सुरुवात कशी झाली

हे घराणं मूळचं इजिप्तचं नव्हेच. इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर बॅबिलॉनमध्ये वारला आणि त्याचं साम्राज्य सेनापतींनी वाटून घेतलं. इजिप्त टॉलेमी नावाच्या मॅसिडोनियन सरदाराकडे आलं. इ.स.पू. ३०५ च्या सुमारास त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं. राज्य नाईल नदीकाठी असलं तरी घरातली भाषा ग्रीकच राहिली. इजिप्शियन भाषा शिकणारी या घराण्यातली पहिली व्यक्ती म्हणजे सातवी क्लिओपात्रा, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

मॅसिडोनियन राजे एकापेक्षा जास्त लग्नं करत आणि थोरल्या मुलालाच गादी मिळेल असा पक्का नियम नव्हता. पहिल्या टॉलेमीने थोरल्या राणीच्या मुलाला, केरॉनॉसला, डावलून दुसऱ्या राणीच्या धाकट्या मुलाला वारस केलं. केरॉनॉस रागाने घर सोडून गेला. पुढे त्याने आसरा देणाऱ्या म्हाताऱ्या सेल्युकस राजाला ठार केलं आणि मॅसिडोनियाची गादी बळकावली. त्याची सावत्र बहीण दुसरी आर्सिनोई तेव्हा थ्रेसच्या राजाची विधवा होती आणि तिचे मुलगे गादीचे दावेदार होते. केरॉनॉसने तिला लग्नाची मागणी घातली, मुलांना जपण्याचं वचन दिलं, आणि लग्न होताच दोन धाकट्या मुलांना तिच्या डोळ्यांदेखत मारलं. थोरला आधीच निसटला होता. आर्सिनोई पळून आधी समोथ्रेस बेटावर आणि मग इजिप्तला माहेरी गेली. तिथे गादीवर तिचा सख्खा भाऊ होता, दुसरा टॉलेमी. त्याने तिच्याशी लग्न केलं.

ग्रीकांना हे भयंकर वाटलं. सख्ख्या बहिणीशी लग्न हे त्यांच्या रीतीत पाप होतं. सोटाडीस नावाच्या कवीने त्यावर अश्लील ओळ रचली आणि जिवाला मुकला. राजाची बाजू घेणाऱ्यांनी मात्र उदाहरणं तयारच ठेवली होती. झ्यूस आणि हेरा भाऊ-बहीणच ना? इजिप्तचे ओसायरिस आणि आयसिसही तसेच. राजा-राणीला ‘भावंड-देव’ म्हणून पुजलं जाऊ लागलं, आणि ‘फिलाडेल्फॉस’ हे आर्सिनोईचं बिरुद झालं.

धर्माचा आधार नंतर शोधला गेला असावा. व्यवहार साधा होता. सावत्र भावंडांचं वैर या दोघांनी अंगावर झेललं होतं. दोन राण्या म्हणजे दोन माहेरं, दोन गट, दोन वारस. बहिणीशीच लग्न केलं तर बाहेरचा सासरा नाही, बाहेरचा जावई नाही, गादीवर हक्क सांगणारं दुसरं घर नाही. सगळं एकाच उंबरठ्याच्या आत.

खरी अडचण या उपायातच होती. इतर राज्यांत राणी सुनेच्या नात्याने येते. तिचा मान नवऱ्यामुळे, आणि पुढे मुलामुळे. टॉलेमींच्या घरात राणी बहुधा त्याच राजाची लेक होती ज्याचा तिचा नवरा लेक होता. रक्त तेच, देवत्व तेच. हळूहळू नाण्यांवर, देवळांच्या भिंतींवर, कागदपत्रांच्या पहिल्या ओळीत तिचं नाव येऊ लागलं. म्हणजे राजाच्या शेजारी कायम एक अशी व्यक्ती बसलेली, जिला त्याच्याशिवायही राज्य करता येईल. त्याला ते कळत होतं, तिलाही कळत होतं. भोवतीच्या कारभाऱ्यांना तर फारच चांगलं कळत होतं.

तिघांची गादी

ही घडी उसवताना पाहायची असेल तर सातव्या क्लिओपात्राच्या शंभर वर्षं मागे जावं लागतं. पाचवा टॉलेमी इ.स.पू. १८० मध्ये वारला तेव्हा मागे तीन लहान मुलं होती. सहावा टॉलेमी, दुसरी क्लिओपात्रा आणि धाकटा फिस्कॉन. आई होती तोवर घर सावरलेलं होतं. ती गेल्यावर कारभाऱ्यांनी थोरल्या भावाचं बहिणीशी लग्न लावलं, आणि इ.स.पू. १७० मध्ये तिघांनाही एकत्र राजपदावर बसवलं. तिघंही पोरवयातलीच होती.

त्याच सुमारास सिरियाचा राजा चौथा अँटायोकस इजिप्तवर चालून आला. हा त्यांचा सख्खा मामा. थोरला भाचा त्याच्या हाती लागला, तेव्हा अलेक्झांड्रियाच्या लोकांनी धाकट्याला राजा केलं. मामा म्हणू लागला की मी थोरल्याला त्याचा हक्क मिळवून द्यायला आलोय. पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मामाची पाठ वळताच भावंडांनी समेट केला, आणि तो जुळवून आणण्यात बहिणीचा मोठा हात होता. म्हणजे यांना एकत्र येता येत होतं. मामा १६८ मध्ये पुन्हा आला तेव्हा तिघं एका बाजूला उभी होती.

पण त्यांना वाचवलं ते रोमने. अलेक्झांड्रियाच्या वेशीजवळ पॉपिलियस नावाचा रोमन दूत अँटायोकसला भेटला. सैन्य मागे घे, असा सिनेटचा, म्हणजे रोमच्या राज्यकर्त्या सभेचा, आदेश त्याने हाती ठेवला. अँटायोकस म्हणाला, सल्लागारांशी बोलतो. पॉपिलियसने हातातल्या काठीने त्याच्याभोवती वाळूत वर्तुळ काढलं आणि सांगितलं, याच्या बाहेर पाऊल टाकण्याआधी उत्तर दे. अँटायोकस परत गेला.

त्या दिवसापासून टॉलेमींच्या घरातल्या प्रत्येक भांडणाला एक नवी वाट मिळाली, रोमकडे दाद मागण्याची. इ.स.पू. १६४ मध्ये फिस्कॉनने थोरल्याला हाकलून लावलं. थोरला साध्या वेशात रोमला गेला आणि एका चित्रकाराच्या घरी गरिबासारखा राहिला, राजाची ही दशा सिनेटला दिसावी म्हणून. पुढच्याच वर्षी अलेक्झांड्रियाचे लोक फिस्कॉनला कंटाळले आणि थोरला परत आला. मग वाटणी झाली. इजिप्त आणि सायप्रस थोरल्याला, आजच्या लिबियातलं सायरीनी धाकट्याला. धाकट्याला ते कमी वाटलं. त्याच्यावर मारेकरी घातले गेले तेव्हा त्याने रोममध्ये जाऊन अंगावरचे वण उघडे करून दाखवले. आणि इ.स.पू. १५५ मध्ये त्याने मृत्युपत्र केलं, की मी वारसाशिवाय मेलो तर माझं राज्य रोमला जावं. हे मृत्युपत्र दगडावर कोरून लावलेलं होतं आणि तो लेख सायरीनीच्या उत्खननात सापडलेला आहे. ‘मला माराल तर तुम्हाला काहीच मिळणार नाही,’ एवढाच त्याचा अर्थ.

थोरल्या भावाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सायप्रस बळकावायला आलेला फिस्कॉन त्याच्या हाती जिवंत सापडला होता. त्याने त्याला मारलं नाही. सायरीनी परत दिलं, वर मुलगी देऊ केली. या घराण्याच्या कहाण्यांत ही क्षमा कोणी सांगत नाही, कारण तिच्यात रक्त नाही.

सहावा टॉलेमी इ.स.पू. १४५ मध्ये सिरियातल्या लढाईत जखमी होऊन वारला. फिस्कॉन परतला आणि वहिनी झालेल्या आपल्या बहिणीशीच त्याने लग्न केलं. गादीचा वारस असलेल्या तिच्या मुलाला त्याने लग्नाच्याच दिवशी मारलं, असं जस्टिन हा लेखक लिहितो. काही वर्षांनी त्याने तिच्या मुलीशी, म्हणजे आपल्या भाचीशीही लग्न केलं. पहिलीला सोडलं नाहीच. सोडणार कसा? तिच्या नावावर लोकांची निष्ठा होती. सरकारी कागदांवर आता तीन नावं येऊ लागली. ‘राजा टॉलेमी, राणी क्लिओपात्रा बहीण आणि राणी क्लिओपात्रा पत्नी.’ दोघी क्लिओपात्रांत घोळ होऊ नये म्हणून कारकुनांनी केलेली ही सोय. एका आईची आणि लेकीची ही ओळख आहे, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो.

इ.स.पू. १३२ च्या सुमारास आईने बंड केलं. अलेक्झांड्रिया तिच्या बाजूने उठली आणि फिस्कॉन तरुण राणीला घेऊन सायप्रसला पळाला. दुसरी क्लिओपात्रा एकटी राज्य करू लागली आणि तिने आपली कालगणना नव्याने, पहिल्या वर्षापासून सुरू केली. त्या काळचे करारनामे आणि पावत्या आजही आहेत. कागदावर राजाचं एकोणचाळिसावं वर्ष लिहिलं असेल तर गाव फिस्कॉनच्या बाजूचं, राणीचं दुसरं वर्ष असेल तर गाव तिच्या बाजूचं. जमिनीची साधी पावती लिहितानाही बाजू निवडावी लागत होती.

सायप्रसमध्ये फिस्कॉनजवळ त्याचा आणि दुसऱ्या क्लिओपात्राचा मुलगा होता, मेम्फायटिस. वय बारा-चौदा. अलेक्झांड्रियाचे लोक त्याला राजा करतील या भीतीने बापाने त्याला मारलं, तुकडे पेटीत भरले आणि आईच्या वाढदिवसाच्या सुमारास ती पेटी तिच्याकडे पाठवली. प्राचीन लेखकांनी फिस्कॉनला काळ्यात काळा रंगवला आहे, आणि तो रंग थोडा पुसून पाहायला हवा. पण मुलाच्या खुनाबद्दल एकाहून अधिक जण सांगतात.

एवढं झाल्यावर काय झालं? फिस्कॉनने राजधानी जिंकून घेतली, क्लिओपात्रा सिरियाला निघून गेली, आणि इ.स.पू. १२४ मध्ये ती परत आली. पुन्हा तीच तिघं. राजा, बहीण, पत्नी. मेम्फायटिसच्या आईने त्याच माणसाशेजारी आपलं नाव लिहू दिलं. याला माफी म्हणवत नाही. तिच्याशिवाय त्याचं राज्य अर्धं होतं आणि त्याच्याशिवाय तिचं.

या भांडणाची किंमत कोणी मोजली, ते इ.स.पू. ११८ च्या एका फर्मानात दिसतं. तिघांच्या नावे निघालेल्या या फर्मानात खून आणि देवद्रोह सोडून बाकी गुन्ह्यांना माफी आहे. करांची थकबाकी माफ आहे. पाडलेली, जाळलेली घरं पुन्हा बांधायला परवानगी आहे. भीतीने गाव सोडून पळालेल्यांना परत बोलावलं आहे. फर्मानाची प्रत केर्केओसिरिस नावाच्या खेड्याच्या दप्तरात होती. तिथला लेखनिक मेंखेस हा आपल्याकडच्या तलाठ्यासारखा माणूस. त्याचं दप्तर पुढे रद्दीत गेलं आणि त्या रद्दीत पवित्र मगरींच्या ममी गुंडाळल्या गेल्या. १९०० च्या सुमारास उत्खननात त्या मगरींमधून हे कागद निघाले. सिंहासनावरची कहाणी ग्रीक आणि रोमन लेखकांनी सांगितली, जळालेल्या घरांची या मगरींनी जपली.

कर्जात बुडालेला बाप

फिस्कॉननंतरचं भरभर सांगतो. त्याचे दोन मुलगे, नववा आणि दहावा टॉलेमी, आईच्या इच्छेनुसार आलटून-पालटून गादीवर बसले. त्याच्या दोन मुली सिरियातल्या दोन भांडणाऱ्या राजपुत्रांच्या बायका होत्या. त्यांतल्या त्रिफेनाने आपल्या बहिणीला, चौथ्या क्लिओपात्राला, अँटिऑकच्या देवळात मारवलं. मूर्तीला घट्ट धरलेले तिचे हात तोडावे लागले, असं जस्टिन लिहितो. वर्षभरातच त्रिफेनाही बहिणीच्या नवऱ्याच्या हाती सापडली आणि मारली गेली. फिस्कॉनच्या दासीपुत्राने इ.स.पू. ९६ मध्ये मरताना सायरीनी खरोखरच रोमला देऊन टाकलं. इ.स.पू. ८० मध्ये अकराव्या टॉलेमीने आपली राणी तिसरी बेरेनिस हिला लग्नानंतर १९ दिवसांत मारलं. ती लोकांची लाडकी होती. जमावाने त्याला ठार केलं.

आता औरस वारस उरला नाही. लोकांनी नवव्या टॉलेमीचा मुलगा आणून गादीवर बसवला. हा बारावा टॉलेमी, टोपणनाव ‘ऑलिटीस’, बासरीवाला. सातव्या क्लिओपात्राचा बाप.

त्याची आई कोण हे कुठे नोंदलेलं नाही. त्यामुळे रोमने मान्यता दिल्याशिवाय आपली गादी पक्की नाही, ही धास्ती त्याला जन्मभर होती. इ.स.पू. ५९ मध्ये त्याने रोमचे बडे नेते सीझर आणि पाँपी यांना ६,००० टॅलेंट देऊन ‘रोमन लोकांचा मित्र’ ही पदवी मिळवली. एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. त्याचं वार्षिक उत्पन्न १२,५०० टॅलेंट होतं असं रोमन वक्ता सिसेरोच्या हवाल्याने भूगोलकार स्ट्राबो सांगतो. म्हणजे अर्ध्या वर्षाचा महसूल एका पदवीवर गेला, आणि त्यासाठी रोमच्या सावकारांकडून कर्ज काढलं. पुढच्याच वर्षी रोमने सायप्रस गिळलं. तिथला राजा ऑलिटीसचा भाऊ होता. त्याने विष घेतलं. ऑलिटीस गप्प राहिला. अलेक्झांड्रियाच्या लोकांना ते सहन झालं नाही आणि त्यांनी त्याला घालवून दिलं.

गादीवर थोरली मुलगी बेरेनिस आली. बाप रोममध्ये लाच वाटत फिरत होता. त्याच्याविरुद्ध बाजू मांडायला अलेक्झांड्रियाहून शंभर जणांचं शिष्टमंडळ गेलं. त्यांतल्या कित्येकांचे खून पडले. शेवटी सिरियाचा रोमन सुभेदार गॅबिनियस १०,००० टॅलेंटच्या बोलीवर तयार झाला आणि इ.स.पू. ५५ मध्ये त्याने ऑलिटीसला सैन्यासह परत आणून बसवलं. त्या सैन्यात घोडदळाचा तरुण नायक होता मार्क अँटनी. बापाने मुलीला मृत्युदंड दिला. क्लिओपात्रा तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. थोरली बहीण राणी झालेली तिने पाहिली, आणि त्याच बहिणीला बापाने मारलेलंही पाहिलं. पुढे ती जशी वागली त्याची मुळं मी इथे शोधतो, सौंदर्यात आणि मोहिनीत नाही.

ऑलिटीसने मृत्युपत्रात क्लिओपात्रा आणि थोरला मुलगा यांना मिळून राज्य दिलं आणि ते पाळलं जावं म्हणून रोमला साकडं घातलं. इ.स.पू. ५१ मध्ये तो वारला. राणी १८ वर्षांची, राजा १०.

बहीण, भाऊ आणि आणखी एक बहीण

दहा वर्षांचं पोर राज्य करत नसतं. तेराव्या टॉलेमीच्या नावाने कारभार पाहणारे तिघे होते. खोजा पोथिनस, सेनापती अकिलस आणि शिक्षक थिओडोटस. अठरा वर्षांच्या हुशार राणीच्या हाती सत्ता गेली तर या तिघांना जागाच उरत नव्हती. म्हणून बहीण-भावाचं भांडण म्हणताना मला अडखळायला होतं. सुरुवातीला ते भावाच्या पालकांचं आणि बहिणीचं भांडण होतं.

ते कागदांवर स्पष्ट दिसतं. सुरुवातीच्या काही लेखांत क्लिओपात्राचं एकटीचंच नाव आहे. मग नाईलचा पूर कमी पडला, धान्य आटलं. इ.स.पू. ५० च्या २७ ऑक्टोबरला हुकूम निघाला की मध्य इजिप्तचं धान्य फक्त अलेक्झांड्रियाला जाईल, दुसरीकडे नेणाऱ्याला मृत्युदंड. या हुकमावर ‘राजा आणि राणी’ यांच्या नावाची मोहोर आहे. राजा आधी. पुढच्या काही कागदांवर तारीख येते ती ‘वर्ष पहिलं, जे तिसरंही आहे’ अशी. पहिलं त्याचं, तिसरं तिचं. नंतर लवकरच क्लिओपात्राला अलेक्झांड्रिया सोडावी लागली. सिरियाच्या बाजूला जाऊन तिने सैन्य जमवलं आणि इ.स.पू. ४८ मध्ये पूर्व सीमेवर पेलुसियमजवळ भाऊ-बहिणीच्या फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या.

तेवढ्यात रोमची यादवी त्यांच्या किनाऱ्याला लागली. सीझरकडून हरलेला पाँपी आसरा मागायला आला. राजाच्या कारभाऱ्यांनी त्याला होडीत घेतलं आणि किनाऱ्याला लागण्याआधीच भोसकलं. काही दिवसांनी सीझर ३,२०० पायदळ आणि ८०० घोडेस्वार घेऊन अलेक्झांड्रियात उतरला. बापाचं थकलेलं कर्ज त्याला वसूल करायचं होतं. त्याने दोन्ही भावंडांना बोलावणं धाडलं. शहरात भावाचे पहारे होते. अपोलोडोरस नावाच्या सेवकाने क्लिओपात्राला अंथरुणं बांधायच्या पिशवीत घालून सीझरपुढे नेलं. गालिचाची गोष्ट नंतरची, प्लुटार्कने पिशवीच लिहिली आहे. सकाळी भावाने बहिणीला सीझरशेजारी पाहिलं, तो पळत बाहेर गेला आणि दगा झाला म्हणून ओरडत डोक्यावरची राजपट्टी फेकून दिली. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तो. आपली बाजी तिथेच गेली, हे त्याला कळलं होतं.

सीझरने मृत्युपत्र वाचून दोघांनी मिळून राज्य करावं असा निवाडा दिला. पण अकिलस २०,००० सैन्य घेऊन शहरात शिरला आणि राजवाड्याला वेढा पडला. आत सीझर आणि चारही भावंडं. मग धाकटी आर्सिनोई निसटली.

तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय याची मला मनापासून खंत वाटते. विशीच्या आतली मुलगी, पहाऱ्यातून बाहेर पडली, सैन्यात जाऊन उभी राहिली आणि सैनिकांनी तिला राणी मानलं. अकिलसशी पटलं नाही तेव्हा त्याला मारवून तिने सैन्य आपला शिक्षक गॅनिमिडीस याच्या हाती दिलं. शहराला नाईलचं पाणी जमिनीखालच्या पाटांतून मिळत असे. गॅनिमिडीसने राजवाड्याकडच्या पाटांत यंत्रांनी समुद्राचं खारं पाणी सोडलं. सीझरचे सैनिक घाबरले. त्याने रातोरात विहिरी खणवल्या, गोडं पाणी लागलं, म्हणून निभावलं. सीझरला इतक्या अडचणीत आणणारे थोडेच.

मग शहरवासी म्हणाले, आम्हाला आमचा राजा द्या. सीझरने तेराव्या टॉलेमीला सोडलं. जाताना तो रडत होता, आणि बाहेर पडताच त्याने युद्ध चालू ठेवलं. इ.स.पू. ४७ च्या मार्चमध्ये सीझरची कुमक आली, नाईलकाठी लढाई झाली, पळताना होडी उलटून राजा बुडाला. क्लिओपात्राला आता बारा वर्षांच्या धाकट्या भावासोबत गादीवर बसवण्यात आलं.

आर्सिनोईला बेड्या घालून रोमला नेलं. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरच्या विजय-मिरवणुकीत ती साखळदंडांत चालली. एरवी अशा मिरवणुकीत गर्दी शत्रूची टर उडवत असे. त्या मुलीला पाहून रोमच्या लोकांना कळवळा आला आणि सीझरने तिला जिवंत सोडलं. इफिससला आर्टेमिसच्या देवळात तिला आसरा मिळाला. तिथल्या मुख्य पुजाऱ्याने तिला राणी म्हणून हाक मारली होती, आणि ते त्याला जवळजवळ भोवलं. इ.स.पू. ४१ मध्ये अँटनीच्या माणसांनी तिला मारलं. मागणी क्लिओपात्राची होती. मी क्लिओपात्राला दोष द्यायला बसलेलो नाही, पण इथे तिची बाजूही घेता येत नाही. तिचं गणित मात्र दिसतं. आर्सिनोई जिवंत असेपर्यंत तिच्या प्रत्येक शत्रूच्या हाती एक तयार राणी होती. बेरेनिसच्या वेळी बापाने हेच गणित मांडलं होतं.

इफिससमधल्या एका अष्टकोनी थडग्यात सापडलेला सांगाडा आर्सिनोईचा असावा असं अनेक वर्षं मानलं जात होतं. २०२५ मध्ये त्या कवटीचा डीएनए तपासला गेला. ती ११ ते १४ वर्षांच्या मुलाची निघाली.

क्लिओपात्राची मुलं

सीझरचा खून झाला त्याच वर्षी, इ.स.पू. ४४ मध्ये, धाकटा चौदावा टॉलेमी गेला. क्लिओपात्राने आपला आणि सीझरचा मुलगा सीझेरियन याला सहराजा केलं. पुढे अँटनीपासून तिला तीन मुलं झाली. अलेक्झांडर हेलिओस आणि क्लिओपात्रा सेलीनी ही जुळी, आणि धाकटा टॉलेमी. त्याला बिरुद दिलं फिलाडेल्फॉस.

इ.स.पू. ३४ मध्ये अलेक्झांड्रियात मोठा समारंभ करून चौघांना राज्यं जाहीर केली गेली. सीझेरियन आईसोबत इजिप्तचा. अलेक्झांडरला आर्मेनिया, मीडिया आणि अजून न जिंकलेलं पार्थिया. सेलीनीला सायरीनी. धाकट्याला सिरिया आणि सिलिशिया. रोमन लेखकांना यात फक्त हाव आणि उद्दामपणा दिसला. मला त्यात एका बहिणीने केलेली वाटणी दिसते. प्रत्येकाला वेगळी गादी, वेगळा मुकुट, कोणाच्या नावापुढे दुसऱ्याचं नाव नाही. घरातली मुलं एकाच सिंहासनावर बसवली की काय होतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

ती वाटणी चार वर्षंही टिकली नाही. इ.स.पू. ३० मध्ये सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन याने अलेक्झांड्रिया घेतली, अँटनी आणि क्लिओपात्रा दोघांनी जीव दिला. सीझेरियनला तिने आधीच खजिन्यासह इथिओपियामार्गे भारताकडे रवाना केलं होतं. त्याच्या शिक्षकाने त्याला परत फिरायला राजी केलं, आणि तो मारला गेला. जुळ्या मुलांना रोमच्या मिरवणुकीत चालवलं गेलं. पुढे तिघांना वाढवलं ते अँटनीच्या टाकून दिलेल्या बायकोने, ऑक्टेव्हियाने. दोन्ही मुलगे त्यानंतर इतिहासात दिसत नाहीत.

सेलीनीचं लग्न उत्तर आफ्रिकेतल्या मॉरिटेनियाचा राजा जुबा याच्याशी झालं. तिथल्या काही नाण्यांवर एका बाजूला लॅटिनमध्ये ‘राजा जुबा’ आणि दुसऱ्या बाजूला ग्रीकमध्ये ‘राणी क्लिओपात्रा’ लिहिलेलं आहे, आणि काहींवर नाईलची मगर आहे. मुलाचं नाव तिने टॉलेमी ठेवलं. तो बापामागून गादीवर बसला आणि इ.स. ४० मध्ये सम्राट कॅलिगुलाने त्याला रोमला बोलावून मारलं. टॉलेमी अँटनीचा नातू होता. कॅलिगुला अँटनीचा पणतू होता.